युरियाचा हप्ता आणि पंचगंगेचे गणित

मृग बरसला की करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात आडसाली उसाच्या सऱ्या सुटू लागतात. लागण १५ जुलैपासून पुढे, म्हणजे पुनर्वसूचा तरणा पाऊस सरताना आणि पुष्याचा म्हातारा पाऊस लागताना. पंचगंगाही तेव्हाच फुगते. २०२१ चा महापूर जुलैच्या उत्तरार्धातला, २०१९ चा ऑगस्टच्या सुरुवातीचा. खताचा पहिला हप्ता आणि नदीचा चढ असे एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून हे लागणीआधीच सांगतो आहे.

उन्हाळ्यात शिरोळकडे नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ती पोसते नत्र आणि स्फुरदावर. हे नत्र-स्फुरद कुणाचे, यावर गावागावांत वाद आहेत. शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, शेतातले खत, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा वाद मोजमापाने सोडवता येतो आणि नदीची संगणकीय मॉडेल त्यासाठीच असतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेले ‘स्वॅट’ हे मॉडेल जगभर वापरतात. ते खोऱ्याचे लहान लहान तुकडे पाडते. माती, उतार आणि पीक सारखे असेल तेवढी जमीन एका तुकड्यात. मग रोजचा पाऊस टाकून किती पाणी मुरले, किती वाहिले, त्याबरोबर किती नत्र आणि किती गाळ गेला, याचा हिशोब मांडते. हा हिशोब नदीत प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी आणि पाण्याच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. जुळला तरच त्यावर भरवसा.

वाटणी ओळखायची एक साधी खूणही आहे. सांडपाणी बारा महिने तेवढेच येते; नदी आटली की ते घट्ट होते, पूर आला की पातळ होते. शेतातले खत मात्र पावसाच्या धारेबरोबरच निघते. म्हणून एप्रिलमधल्या नदीच्या दुर्गंधीचा सगळा दोष उसावर टाकणे चूक आहे, आणि पहिल्या जोरदार पावसात ओढ्याने आणलेल्या गढूळ पाण्यात आपला वाटा नाही म्हणणेही तितकेच चूक. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात नेमका हा पुराचा दिवस हुकतो. वर्षभरात शेतांतून वाहून जाणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग मोजक्या जोरदार पावसांत आणि खोऱ्यातल्या मोजक्या पट्ट्यांतून जातो, हे अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते पट्टे म्हणजे ओढ्यालगतची, उताराची, उघडी जमीन. ते दिवस आणि त्या सऱ्या सांभाळल्या तरी आपला बराच वाटा कमी होतो.

आता पोत्यांकडे येऊ. आडसालीसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र आणि प्रत्येकी १७० किलो स्फुरद व पालाश अशी आहे. लागणीला यातले फक्त १० टक्के नत्र आणि निम्मे स्फुरद द्यायचे असते. एकराचा हिशोब केला तर १६ किलो नत्र आणि ३४ किलो स्फुरद. दीड पोते डीएपी, म्हणजे ७५ किलो, टाकले की स्फुरद भागते आणि साडेतेरा किलो नत्र आपोआप मिळते. उरलेल्या अडीच किलोसाठी पाच-सहा किलो युरिया पुरे. तरीही लागणीलाच युरियाचे अख्खे पोते ओतण्याची सवय आहे. कांडीला अजून मुळी नाही, ते नत्र खाणार कोण? ऊस घेण्याआधीच ते पाण्यात विरघळून ओढ्याला लागते.

डीएपी सरीच्या तळाशी टाकून मातीआड करा. स्फुरद मातीला चिकटून राहते. माती वाहिली की तेही जाते. म्हणून सऱ्या उताराला आडव्या हव्यात आणि ओढ्याच्या काठाला गवताचा किंवा वाळ्याचा पट्टा हवा. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले असेल, तर डीएपीचा डोस सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून कमी करा.

खरी कसोटी दुसऱ्या हप्त्याची. सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के नत्र, म्हणजे एकरी सुमारे तीन पोती युरिया. जुलैअखेरच्या लागणीला हा हप्ता सप्टेंबरच्या मध्यापासून येतो आणि पुढे हस्ताचा परतीचा पाऊस टपलेला असतो. हवामान खात्याचे कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहूनच पोते फोडा. जोरदार पाऊस दाखवत असेल तर चार दिवस थांबा, वाफसा येऊ द्या, युरिया बुडख्याजवळ देऊन लगेच मातीआड करा. साचल्या पाण्यात फेकू नका. शिरोळच्या क्षारपड रानांत जमिनीखाली निचऱ्याचे पाइप आहेत, तिथे आणखी जपा. नत्राचे नायट्रेट झाले की माती ते धरत नाही. पाइपातून ते थेट ओढ्यात उतरते. अशा रानात हा हप्ता दोनदा विभागून द्या.

आणि एक वही ठेवा. मॉडेल चालवणाऱ्यांकडे शिफारशीचे आकडे असतात, तुम्ही प्रत्यक्षात काय टाकले ते नसते. तारीख, गट नंबर, खत, किलो, त्यानंतरच्या चार दिवसांचा पाऊस, एवढे लिहिले की पुरे. पाण्याचा अभ्यास करणारे कुणी गावात आले, तर ती वही त्यांच्यापुढे ठेवा.