तारलीचे पोट आणि तिची लांबी

लहान मासा म्हणजे मोठ्या माशाचीच छोटी आकृती, असे आपण समजतो. समुद्रातील लहान जातींच्या माशांबाबत हे अर्धेच खरे आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या दोंडाईच्यात, त्यातून कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या बाजारात मिरचीच्या शेजारीच सुके बोंबील आणि मांदेली विकायला बसतात. शाळेची पायरी न चढलेली माझी माय मोठ्या डोक्याची, खपाटीच्या पोटाची मांदेली कधी घेत नाही. तिच्या या निवडीमागे काही शास्त्र आहे का, हे शोधताना मी कोकणातल्या तारलीपर्यंत पोहोचले.

वाढीचा साधा नियम असा, की आकृती तीच राहून लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होते. कोवळी तारली बहुतेक या नियमाने चालते. साधारण १५ सेंटिमीटरच्या आसपास ती वयात येते आणि मग शरीराचा हिशेब बदलतो. लांबी वाढण्याचा वेग मंदावतो. खाल्लेले अन्न मादीच्या अंडाशयात आणि नराच्या शुक्रग्रंथीत जाऊ लागते. डोके हाडाचे, ते आहे तेवढेच राहते. पोट मात्र खाली उतरते, गोल होते. कोकणात ज्या गाबोळीचे एवढे कौतुक, ती हीच.

हा फरक मोजण्याची रीत मला फार आवडली. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणायचे आणि सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागायचे. समजा, १५ सेंटिमीटरची तारली ३४ ग्रॅम भरली, तर उत्तर साधारण १ येते. अंडी घातल्यावर तीच २७ ग्रॅम भरली, तर ०.८. लांबी तसूभरही बदललेली नाही, तरी मासा निराळा दिसतो. डोके मोठे वाटते, कारण मागचे अंग ओसरलेले असते. मायची नजर नेमकी इथेच जाते.

तरीही गोल पोट म्हणजे अंडीच, असे मानू नये. तारली मुख्यतः पावसाळ्यात अंडी घालते. पावसाळा सरल्यावर सूक्ष्म वनस्पती भरपूर खाऊन ती अंगात तेल साठवते, तेव्हाही ती भरलेलीच दिसते. अजून वयात न आलेली तारलीही अशी गुबगुबीत असू शकते. बाहेरून पाहून नर-मादीसुद्धा ओळखू येत नाही; पोट चिरावेच लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान मर्यादा ठरवली. ती लांबीत आहे, वजनात किंवा जाडीत नाही. आता त्याचे कारण मला उमगते: पोट ऋतूप्रमाणे भरते आणि ओसरते, लांबी मागे जात नाही. माशाने निदान एकदा तरी अंडी घालावीत, हा त्यामागचा हेतू.

अडचण एवढीच, की जाळ्याला पट्टी कळत नाही. ज्या जाळ्यात मासा डोके घालून अडकतो, त्याचा आस लांबी पाहत नाही, घेर पाहतो. म्हणून एकाच लांबीच्या दोन तारल्या त्याच जाळ्यावर आल्या, तर अंडी घालून रोडावलेली निसटून जाते आणि अंड्यांनी भरलेली अडकते.