आधी तारा, मग घड्याळ

पोरी, रास्पबेरी पायवर जीपीएसचं घड्याळ बसवायला घेतलंस की पहिल्या बैठकीत क्रोनीचं, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नावही काढायचं नाही. आधी तारा, मग सिरियल पोर्ट, मग पीपीएसचा, म्हणजे दर सेकंदाचा, ठोका आणि क्रोनी सगळ्यात शेवटी. खालचं पक्कं नसताना वरचं ढवळत बसलं की रात्र जाते आणि दोष कुठे आहे ते सकाळीही कळत नाही.

तारा सोप्या आहेत. मॉड्यूलचा टीएक्स बोर्डाच्या १० नंबरच्या पिनला, आरएक्स ८ नंबरला, पीपीएस १२ नंबरला, म्हणजे जीपीआयओ १८ ला. या पिना ३.३ व्होल्टच सोसतात. ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिलास तर बोर्ड हकनाक जाईल. जुना आरएस-२३२ वाला रिसीव्हर असेल तर मध्ये मॅक्स३२३२ घाल. आणि मॉड्यूल विकत घेताना पीपीएसची पिन बाहेर काढलेली आहे ना, ते डोळ्यांनी बघून घे. स्वस्तातल्या कित्येक निओ-६एम बोर्डांवर ती नसते, नुसता एलईडी लुकलुकतो. त्या एलईडीपाशी बारीक तार डकवणारे बहाद्दर आहेत; तू त्या फंदात पडू नकोस.

खरी गोम सिरियल पोर्टात आहे. पाय ३ आणि ४ वर चांगला यूएआरटी, म्हणजे पीएल०११, ब्लूटूथला देऊन टाकलाय आणि पिनांवर येतो तो मिनी यूएआरटी. त्याचा बॉड रेट कोअर क्लॉकला बांधलेला असतो. वेळ देणाऱ्या बोर्डाला ब्लूटूथ कशाला हवंय? कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘इनेबल_यूएआरटी=१’ आणि ‘डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी’ लिही आणि चांगला पोर्ट परत घे. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये असते, जुन्या सूचना वाचून ‘/बूट’मध्ये शोधत बसू नकोस. पाय ५ चं गणित वेगळं: तिथे ‘सिरियल०’ हे नाव डीबगच्या छोट्या सॉकेटला जातं, म्हणून पिनांसाठी ‘टीटीवायएएमए०’च वापर.

मग रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन लॉगिन शेलला ‘नाही’ आणि हार्डवेअरला ‘हो’ म्हण. नाहीतर लॉगिन प्रॉम्प्ट आणि जीपीएस एकाच तारेवर भांडत बसतात.

आता ९६०० बॉड लावून साध्या ‘कॅट’ने पोर्ट वाच. डॉलरच्या खुणेने सुरू होणाऱ्या एनएमईएच्या ओळी सरकायला लागल्या की जिंकलीस. नुसता कचरा दिसला तर बॉड चुकलाय. काहीच दिसलं नाही तर टीएक्स-आरएक्स उलटे लागलेत का ते बघ, दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

त्यानंतर ‘डीटीओव्हरले=पीपीएस-जीपीआयओ,जीपीआयओपिन=१८’. बोर्ड रीबूट करून पीपीएसटेस्ट चालव. दर सेकंदाला एक ओळ आली पाहिजे. नाही आली तर आधी आकाश बघ. बरेच रिसीव्हर फिक्स मिळेपर्यंत ठोकाच देत नाहीत आणि सिमेंटच्या घरात, लोखंडी कपाटाशेजारी फिक्स कसला मिळतोय! अँटेना खिडकीबाहेर किंवा गच्चीवर हवी.

दोन्ही तारांची कामं वेगळी, हे डोक्यात ठेव. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, पण अक्षता पडतात ‘सावधान’ला. सिरियलवरच्या ओळी म्हणजे पत्रिका: सेकंद कोणता ते सांगतात, पण स्वतः उशिरा पोचतात. ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीलाच ८३ मिलिसेकंद लागतात. पीपीएस मात्र नेमका क्षण देतो, सेकंद कोणता ते सांगत नाही. म्हणून क्रोनीमध्ये एनएमईएला ‘नोसिलेक्ट’ कर आणि पीपीएसला ‘लॉक एनएमईए’ लाव. ओळींचा उशीर अर्ध्या सेकंदाकडे झुकला तर ठोक्याला भलताच सेकंद चिकटेल आणि घड्याळ अख्ख्या सेकंदाने चुकेल. तेव्हा एनएमईएचा ऑफसेट नीट मोजून भर; उपग्रहांची यादी देणाऱ्या लांबलचक जीएसव्ही ओळी बंद केल्यास तर उत्तमच.

या ओळी वाचून क्रोनीकडे पोचवणाऱ्या जीपीएसडीला ‘-एन’ द्यायला विसरू नकोस. तो नसेल तर कुणी ग्राहक येईपर्यंत जीपीएसडी झोपून राहतो, आणि शेअर्ड मेमरीतून वाचणारा क्रोनी त्याला उठवत नाही.

सगळं नीट बसलं की ‘क्रोनीसी सोर्सेस’मध्ये पीपीएसच्या ओळीपुढे हॅश (#) आणि चांदणी (*) दिसेल आणि रीच हळूहळू ३७७ वर जाईल. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, त्याच्या वर जात नाही. शेवटच्या आठही खेपा लागल्या एवढाच त्याचा अर्थ. यूएसबीवरच्या जीपीएसने इतका नेमकेपणा येत नाही, तिथे मिलिसेकंदांचं डळमळणं चालूच राहतं.

कोल्ड स्टार्टला, म्हणजे रिसीव्हर कोरा सुरू झाल्यावर, वेळ काही सेकंदांनी पुढे दिसली तर घाबरू नकोस. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि तो फरक उपग्रहाच्या संदेशातून पूर्ण यायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. पण जुन्या बाजारातला रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. १०२४ आठवड्यांची त्याची मोजपट्टी संपलीय, एप्रिल २०१९ मध्ये असे बरेच अडकले. त्याची तारीख सोडून दे. ठोका बहुधा ठणठणीत असतो, सेकंद कोणता ते नेटवरच्या एनटीपीकडून घे.