स्वतःचा ट्रक, दोघेही चालक : एका निर्णयाचा जमाखर्च

बंगळूरच्या यशवंतपूर भागात कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहे आणि त्याच भागात देवराज अरस ट्रक टर्मिनलही आहे. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या भागांतील कांदा या शहराकडे येतो, तर पीण्या आणि बोम्मसंद्र येथील कारखान्यांचा माल उत्तरेकडे जातो. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात मज्जाव असल्यामुळे नेलमंगलच्या आसपास ट्रक थांबून राहिलेले दिसतात. त्यांतील कित्येक ट्रक हे आपल्या मालकाचे एकुलते एक वाहन असते. देशातील मालवाहतूक मोठ्या कंपन्यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिचा मोठा भार एक ते पाच गाड्या बाळगणारे छोटे मालकच वाहत असतात.

अशा मालकाने स्वतः चाक हाती धरणे नवे नाही. पती-पत्नी दोघांनीही आळीपाळीने चालवावे, पगारी चालक ठेवूच नये, हा विचार मात्र तुलनेने नवा आहे. वास्तविक दख्खनच्या वाहतुकीचा इतिहास पाहिला तर तो तितकासा नवा नाही. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत फौजेला धान्य पुरविणारे लमाणांचे तांडे बायकामुलांसह बैल हाकत चालत. बैल कुटुंबाचे, श्रम कुटुंबाचे आणि जोखीमही कुटुंबाचीच. आजच्या काळात केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातील जलजा रतीश यांनी २०२२ मध्ये पतीसमवेत थेट काश्मीरपर्यंत ट्रक नेला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. मूळच्या नंदुरबारच्या आणि कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी तर २००३ मध्ये पतीचे निधन झाल्यानंतर स्वतःच ट्रक चालवून संसार सावरला. गदगचे विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकने आरंभ केला आणि पुढे व्हीआरएल हा मोठा उद्योग उभारला, ही कथा उत्तर कर्नाटकात आणि सीमाभागात घरोघरी सांगितली जाते. एका ट्रकने आरंभ करून एकाच ट्रकवर राहिलेल्यांच्या, किंवा तोही गमावून बसलेल्यांच्या कथा अर्थातच कोणी सांगत नाही. कर्जाचा अर्ज घेऊन शाखेत येणाऱ्या कुटुंबाला या न सांगितल्या जाणाऱ्या कथांचा उपयोग अधिक आहे.

हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक जोडपे घेऊ. पती बंगळूरमधील एका वाहतूकदाराकडे पगारी चालक असून भत्त्यासह त्याला महिना २८,००० रुपये मिळतात. पत्नी पीण्यातील कपड्यांच्या कारखान्यात १४,००० रुपयांवर काम करते. घरात दरमहा ४२,००० रुपये येतात. दोघांनी ८ लाख रुपये साठविले आहेत आणि बांधलेल्या बॉडीसह ४० लाखांचा दहा चाकी ट्रक घेण्याचा त्यांचा विचार आहे. उरलेले ३२ लाख दरसाल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६९,६०० रुपये पडतो. व्याजदर, भाडे आणि डिझेल यांचे येथील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष अर्ज करताना प्रत्येकाने त्या दिवशीचे आकडे घालावेत.

मार्ग बंगळूर-पुणे धरू. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सातारा असा हा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा प्रवास सुमारे ८४० किलोमीटरचा, म्हणजे एक फेरी १,६८० किलोमीटरची. जाताना ३८,००० आणि येताना ३४,००० असे ७२,००० रुपये भाडे मिळाले असे समजू. लिटरला ४ किलोमीटर या सरासरीने ४२० लिटर डिझेल लागेल; ९० रुपये भावाने त्याचे ३७,८०० रुपये झाले. टोल ९,००० रुपये. दलाली, हमाली, वजनकाटा, वाटेतील जेवणखाण मिळून ५,००० रुपये. टायर आणि दुरुस्ती हा खर्च फेरीच्या दिवशी खिशातून जात नाही, म्हणून बहुतेक नवे मालक तो धरीतच नाहीत. किलोमीटरला अडीच रुपये धरल्यास तो ४,२०० रुपये होतो. हे सर्व वजा जाता एका फेरीमागे १६,००० रुपये उरतात.

महिन्याचा ठरलेला खर्च वेगळा आहे. हप्ता ६९,६०० रुपये. विमा, रस्ता कर, परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र यांचा मासिक वाटा १०,४०० रुपये. एकूण ८०,००० रुपये. म्हणजे महिन्याच्या पहिल्या पाच फेऱ्या केवळ हा खर्च भागविण्यात जातात. पाच फेऱ्या करणाऱ्या जोडप्याने महिनाभर दोघांचे श्रम फुकट दिलेले असतात. सहावी फेरी झाली तर घरात १६,००० रुपये येतील, सातवी झाली तर ३२,०००. आणि नोकरीतून मिळणाऱ्या ४२,००० रुपयांच्या पुढे जायचे असेल, तर आठ फेऱ्या हव्यात.

आठ फेऱ्या म्हणजे महिन्याला १३,४४० किलोमीटर. तीसही दिवस गाडी चालली तरी रोज ४४८ किलोमीटर. माल भरण्या-उतरविण्यासाठी थांबावे लागणारे तास यातच बसवायचे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आखली, त्यामागे अनुभव होता. एकटा माणूस ही मजल मारू गेला तर तो झोपेच्या वेळी गाडी चालवील आणि तवंदी घाटात किंवा खंबाटकीत त्याची किंमत मोजावी लागेल. दोघे चालक असण्याचे खरे मोल येथे आहे. चालकाचा पगार वाचतो ही गोष्ट दुय्यम होय. सहावी, सातवी आणि आठवी फेरी जिवाला धोका न पत्करता शक्य होते, ही मुख्य. मात्र तेवढा माल मिळाला तर.

हा ‘तर’ फार मोठा आहे. पुण्याहून येताना माल मिळाला नाही आणि गाडी रिकामी परतली, तर ३४,००० रुपयांचे भाडे बुडते. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागते, दलाली आणि हमाली वाचते. हे सुमारे ६,००० रुपये धरले तरी निव्वळ फटका २८,००० रुपयांचा बसतो. पावणेदोन फेऱ्यांची कमाई एका रिकाम्या परतीने गेली! म्हणूनच या व्यवसायात चांगला चालक असण्यापेक्षा परतीचा माल देणारे दोन-तीन भरवशाचे वाहतूकदार माहीत असणे अधिक मोलाचे. पतीची इतक्या वर्षांची नोकरी ही येथे भांडवल ठरते, पण त्याने माणसे जोडली असतील तरच. मालकाने सांगितले तेथे गाडी नेऊन लावणाऱ्या चालकाला बिल्टी कोणाकडून मिळते हेच पुष्कळदा ठाऊक नसते. पावसाळ्यात मालाची टंचाई असते आणि दसरा-दिवाळीपूर्वी भाडी चढतात, हे चक्रही ध्यानात घ्यावे लागते. कर्ज घेतानाच हप्त्यांची रचना या हंगामाला धरून करता येईल का, हे शाखेत विचारावे. दिवाळीत ट्रक घेणाऱ्यापेक्षा श्रावणात ट्रक घेणाऱ्याला पहिले हप्ते सोपे जाण्याची शक्यता अधिक, कारण त्याच्यापुढे तेजीचे महिने असतात.

मिळालेले भाडेही सगळे एकदम हाती पडत नाही. काही रक्कम माल भरताना मिळते आणि उरलेली पोच दाखविल्यावर, कित्येकदा बऱ्याच दिवसांनी. डिझेल मात्र रोखीने भरावे लागते. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांहून अधिक काळ अडविता येत नाहीत, अशी तरतूद २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. तिचा आधार घेणारे ट्रकमालक थोडे, कारण पुढचा माल त्याच माणसाकडून घ्यायचा असतो. कर्जाचा हप्ता या कोणत्याच गोष्टीची वाट पाहत नाही. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. म्हणून ८ लाख जवळ असणाऱ्याने सगळे ८ लाख ट्रकमध्ये घालू नयेत. तीन हप्त्यांची रक्कम, म्हणजे दोन लाखांच्या वर, वेगळ्या ठेवीत राखावी आणि ट्रक त्या मानाने लहान किंवा वापरलेला घ्यावा. वापरलेला ट्रक म्हटले की अनेकांना कमीपणा वाटतो. ज्यांनी या धंद्यात वीस वर्षे काढली आहेत, त्यांना तो वाटत नाही.

ट्रक कोणाच्या नावावर

हा प्रश्न बहुतेक जोडप्यांच्या मनात येतच नाही. नोंदणी पतीच्या नावाने होते आणि पत्नी कर्जाची सहकर्जदार म्हणून सही करते. या सहीने कर्जाची पूर्ण जबाबदारी तिच्यावर येते, मात्र ट्रकची मालकी येत नाही. नोंदणीधारक मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वाहन विम्याबरोबर घ्यावे लागते, परंतु ते नोंदणीकृत मालक स्वतः वैध परवान्यासह चालक असेल त्यालाच मिळते. ट्रक पतीच्या नावावर असताना रात्री दोन वाजता चाकावर पत्नी असेल, तर या संरक्षणात ती येत नाही. तिच्यासाठी वेगळा अपघात विमा, किंवा त्याच पॉलिसीत जादा हप्ता भरून चालकाचे संरक्षण, मागून घ्यावे लागते. दोघांची भागीदारी संस्था काढून ट्रक तिच्या नावे केला, तर मालक-चालकाचे हे संरक्षण कोणालाच लागू होत नाही, हेही जाणून असावे. शिवाय दोघे एकाच केबिनमध्ये असतात. अपघात झालाच तर कमावणारे दोन्ही हात एकाच वेळी जायबंदी होऊ शकतात, आणि मागे मुले व कर्ज राहते. कर्जाच्या रकमेइतका मुदतीचा आयुर्विमा दोघांचाही असणे येथे अत्यावश्यक मानावे. नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशन करण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. तिला पैसा लागत नाही आणि मालकाच्या मृत्यूनंतर वाहन नावावर करून घेण्याचे हेलपाटे तिने पुष्कळ कमी होतात.

परवान्याचाही विचार आधी करावा लागतो. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष बाळगल्याशिवाय अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. पत्नीपाशी आज कोणताच परवाना नसेल, तर ट्रकचे चाक हाती येण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल आणि तोपर्यंत ‘दोघेही चालक’ हा सगळा हिशेब कागदावरच राहील. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते. त्यामुळे शहरांतर्गत वाहतुकीच्या छोट्या टेम्पोने आरंभ करण्याचा एक मार्ग खुला आहे. त्याचा हप्ताही त्या मानाने झेपण्याजोगा असतो.

कराची बाजू सोपी आहे. दहापर्यंत मालवाहू वाहने असणाऱ्यांना अनुमानित उत्पन्नाची सवलत मिळते. १२ टनांपेक्षा अधिक वजनाच्या वाहनासाठी एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरले जाते. २८ टनांच्या ट्रकला ते वर्षाला ३,३६,००० रुपये होते. वहीखाते ठेवण्याची सक्ती नाही. तरी वही ठेवावी, कारण ती प्राप्तिकर खात्यापेक्षा मालकालाच अधिक उपयोगी पडते. ट्रकवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मात्र वाहतूक संस्थांना गाडी भाड्याने देणाऱ्या छोट्या मालकाची सेवा करमुक्त असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. जादा माल भरून तूट भरून काढण्याचा मोह मात्र टाळावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका फेरीची सारी शिल्लक त्यात जाऊन वर खिशातून भर घालावी लागते.

राहता राहिले घर. पत्नीचे १४,००० रुपये आकड्याने थोडे वाटतात, पण ते महिन्याच्या ठराविक तारखेला येतात. त्यांवर मुलांची फी, भाडे आणि किराणा चालतो. तिने नोकरी सोडली की घराची सर्व मिळकत एकाच इंजिनावर अवलंबून राहते. इंजिन दोन आठवडे दुरुस्तीला गेले तर दोघांचाही रोजगार त्याच दिवशी थांबतो. तीन-चार दिवसांच्या फेऱ्या असताना मुलांजवळ कोण राहणार, महामार्गावर स्त्रीला रात्री निर्धास्तपणे गाडी उभी करता येईल अशा जागा कोणत्या, स्वच्छ प्रसाधनगृह कोठे, ही माहिती कोणत्याही प्रकल्प अहवालात नसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, ही सोय दोघांनी आळीपाळीने झोप घेण्याच्या दृष्टीने मोठी आहे. जुना ट्रक घेणाऱ्याला ती मिळेलच असे नाही.

कर्जाच्या अर्जापूर्वी अशा जोडप्याला एक गोष्ट करून पाहता येते. पत्नीने कारखान्यातून महिनाभर रजा घ्यावी, पतीच्या सध्याच्या मालकाची परवानगी काढावी आणि क्लीनर म्हणून त्याच्याबरोबर चार फेऱ्या कराव्यात. डिझेल, टोल, थांबलेले तास, परतीला माल किती दिवसांनी आणि कोणाकडून मिळाला, हे तिने रोजच्या रोज वहीत टिपावे. ती वही अर्जासोबत शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवल्यास कर्जाची रक्कम ठरविताना दोन्ही पक्षांना त्याच आकड्यांवर बोलता येईल.