शत्रूच्या गावचा पाळक

शास्त्रभाग : मत्तय 5:43-48; लूक 23:33-34; रोम. 10:9-10



या अंकाच्या पाठासाठी एका सैनिकाचे चरित्र घेतले आहे. वरील शास्त्रभाग आधी वाचून घ्यावेत. गटात बसला असाल तर मत्तयाचा भाग कोणीतरी मोठ्याने वाचावा.

जेकब डीशेझर यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1912 रोजी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात झाला. वडील लहानपणीच वारले. आईने दुसरे लग्न केले. घर शेतकऱ्याचे आणि भाविक होते, पण जेकब यांना देवाधर्मात गोडी वाटली नाही. पुढे ते सैन्याच्या हवाई दलात भरती झाले. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ती बातमी आली तेव्हा ते छावणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. रागाच्या भरात त्यांनी हातातला बटाटा भिंतीवर भिरकावला आणि याची किंमत जपान्यांना मोजायला लावू असे ते ओरडले.

ती संधी लवकरच आली. 18 एप्रिल 1942 रोजी डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली हॉर्नेट या जहाजावरून 16 विमाने आणि 80 माणसे जपानवर बॉम्ब टाकायला निघाली. डीशेझर शेवटच्या, सोळाव्या विमानात होते आणि बॉम्ब सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. नागोया शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकून विमान चीनच्या दिशेने गेले. इंधन संपत आल्यावर रात्रीच्या अंधारात सर्वांनी हवाई छत्रीने उड्या टाकल्या आणि ते जपान्यांच्या हाती सापडले. या मोहिमेचे कौतुक पुष्कळ होते. पण विमानातून उतरलेल्यांना आसरा दिला म्हणून जपानी सैन्याने चीनमधील खेडीच्या खेडी जाळली आणि हजारो ग्रामस्थ मारले, हेही गटाला सांगावे. युद्धाची किंमत नेहमी गरीब शेतकरीच जास्त मोजतो.

पकडलेल्या आठ जणांपैकी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. उरलेल्या पाच जणांची शिक्षा जन्मठेपेवर आली. त्यांतला एक, मेडर, 1943 च्या डिसेंबरात उपासमारीने व आजाराने तुरुंगातच मेला. डीशेझर एकूण 40 महिने कैदेत होते. त्यांपैकी 34 महिने एकट्याच्या कोठडीत गेले. मार, उपासमार, हगवण हे रोजचेच होते. पहारेकऱ्यांविषयीचा द्वेष इतका वाढला की त्या द्वेषाने आपल्याला वेड लागेल असे त्यांना वाटू लागले.

मेडरच्या मृत्यूनंतर कैद्यांना थोडे बरे वागवले जाऊ लागले आणि एक पवित्र शास्त्र मिळाले. एकच प्रत, आणि ती आळीपाळीने वाचायची. डीशेझर हुद्द्याने सर्वांत खालचे, म्हणून त्यांची पाळी शेवटी आली. मे 1944 मध्ये तीन आठवड्यांसाठी ते पुस्तक त्यांच्या हाती पडले. कोठडीत उजेड अगदी थोडा. त्या उजेडात त्यांनी ते पुनःपुन्हा वाचले आणि कित्येक उतारे पाठ केले, कारण पुस्तक परत द्यायचे होते. 8 जून 1944 रोजी रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील नवव्या वचनाशी ते थांबले आणि तिथेच, भिंतीशिवाय दुसरा साक्षीदार नसताना, त्यांनी प्रभूला स्वीकारले.

आपण साक्ष सांगताना इथे थांबतो. पण डीशेझर यांच्या विश्वासाची परीक्षा त्यानंतर झाली, आणि तीही अगदी लहानशा गोष्टीत. एका पहारेकऱ्याने त्यांना घाईघाईने कोठडीत ढकलताना लोखंडी दार त्यांच्या पावलावर दाबले आणि खिळ्यांच्या बुटांनी लाथा मारल्या. वेदना आणि संताप अनावर झाला. तेव्हा शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच पहारेकऱ्याला जपानी भाषेत नमस्कार केला : ‘ओहायो गोझाइमास’. एकांतवासाने याचे डोके फिरले असे त्या पहारेकऱ्याला वाटले. पण नमस्कार रोज होत राहिला. घरची विचारपूसही होऊ लागली. काही दिवसांनी त्या माणसाने दाराच्या फटीतून एक उकडलेले रताळे आत दिले. मार थांबला. मनात प्रेम दाटून आले म्हणून डीशेझर यांनी नमस्कार केला असे नाही. आज्ञा होती म्हणून आधी नमस्कार केला, मन मागाहून वळले. आपल्या प्रार्थनासभांत ‘मन तयार झाले की क्षमा करीन’ असे जे ऐकू येते, त्यापेक्षा ही रीत वेगळी आहे.

20 ऑगस्ट 1945 रोजी पेकिंगमध्ये त्यांची सुटका झाली. सिअ‍ॅटल येथे शिक्षण, फ्लॉरेन्स यांच्याशी विवाह, आणि 28 डिसेंबर 1948 रोजी पत्नी व तान्ह्या मुलासह जपानमध्ये पाऊल, हे सारे साडेतीन वर्षांत झाले. ‘मी जपानचा कैदी होतो’ ही त्यांची साक्षपत्रिका त्याआधीच तेथे वाटली जात होती. टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर ती मित्सुओ फुचिदा यांच्या हाती पडली. पर्ल हार्बरवरील हवाई हल्ल्याचे नेतृत्व याच फुचिदांनी केले होते. त्यांनी शास्त्र विकत घेतले, वाचले, 1950 मध्ये प्रभूवर विश्वास ठेवला आणि पुढे डीशेझर यांच्यासोबत सभांतून साक्ष दिली. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून लांबवत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 1959 साल. त्या वर्षी डीशेझर कुटुंब नागोयाला, म्हणजे ज्या शहरावर त्यांनी बॉम्ब टाकले होते तेथेच, मंडळी उभी करायला राहायला गेले. मधल्या काळात, 1945 मध्ये, अमेरिकन विमानांनी ते शहर अनेकदा जाळले होते आणि त्यात तेथील जुना किल्लाही भस्म झाला होता. त्या किल्ल्याचा बुरूज 1959 मध्येच नव्याने बांधून पुरा झाला. त्याच सप्टेंबरात भयंकर वादळाने नागोया परिसर बुडवला. पाच हजारांवर माणसे दगावली. अशा गावात, ज्यांचे घरदार आपल्या देशाच्या विमानांनी जाळले त्यांच्या शेजारी बिऱ्हाड करायचे, त्यांच्याच भाषेत बोलायचे, त्यांच्या आजाऱ्यांना भेटायचे. सभेच्या व्यासपीठावर क्षमेबद्दल बोलणे एका संध्याकाळचे काम असते. हे काम वर्षानुवर्षांचे होते. जपानमध्ये त्यांची सेवा सुमारे 30 वर्षे चालली. निवृत्त होऊन ते ऑरेगॉनमधील सालेम येथे राहिले आणि 15 मार्च 2008 रोजी, 95 व्या वर्षी, प्रभूमध्ये निजले.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पाड्यांवर या पाठाचा गैरवापर होऊ शकतो. कैद्यांच्या छळाबद्दल आणि त्या तिघांच्या मृत्युदंडाबद्दल 1946 मध्ये शांघायच्या लष्करी न्यायालयात चार जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि त्यांना सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. डीशेझर यांच्या क्षमेमुळे तो खटला थांबला नाही, आणि खटल्यामुळे त्यांची क्षमा खोटी ठरली नाही. तेव्हा दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची तक्रार करू नको, किंवा भुताळी ठरवून वाळीत टाकणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत जाऊ नको, असे सांगायला कोणी हा पाठ पुढे केला तर पाळकांनी तेथेच त्याला अडवावे.

गटचर्चेसाठी : बांधाच्या वादावरून ज्या भाऊबंदाशी बोलणे बंद आहे, त्याला उद्या सकाळी रस्त्यात ‘राम राम’ किंवा ‘जय ख्रिस्त’ म्हणणे कोणाकोणाला जड जाईल? त्याच्याकडून उत्तर आले नाही, तर किती दिवस म्हणत राहाल? आणि आपण ज्यांचे नुकसान केले आहे असे एखादे घर किंवा गाव आहे का, की जेथे जाऊन राहायला आपल्याला भीती वाटते? नावे घ्यायची नसतील तर घेऊ नयेत. गप्प राहून प्रार्थना करावी आणि पुढच्या सभेत, ज्याची इच्छा असेल त्याने, काय घडले ते सांगावे.