शिखराची पूर्वतयारी

नेपाळमधील रोल्पा जिल्ह्यातील एका डोंगराळ खेड्यात हरी बुढा मगर यांचा जन्म झाला. तरुणपणी ते ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणीत दाखल झाले. १७ एप्रिल २०१० रोजी अफगाणिस्तानात गस्त घालीत असता सुरुंगाचा स्फोट झाला. प्राण वाचले, परंतु त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून गेले. डोंगरात वाढलेल्या त्या वीराला चार पावले टाकणेही अशक्य झाले. काही काळ निराशेने त्यांचे मन ग्रासून टाकले.

पुढे कृत्रिम पायांवर तोल सावरू लागताच त्यांनी एक निश्चय केला. एव्हरेस्ट सर करावयाचे आणि त्या निमित्ताने जखमी व निवृत्त सैनिकांना साहाय्य करणाऱ्या संस्थांसाठी निधी गोळा करावयाचा.

पण ८,८४८.८६ मीटर उंचीचे शिखर केवळ इच्छेने सर होत नाही. तेथील हवा इतकी विरळ असते, की प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्राणवायू मिळतो. अशा हवेची शरीराला हळूहळू सवय करावी लागते. म्हणून गिर्यारोहक दिवसा उंच चढतात व विश्रांतीसाठी पुन्हा खाली उतरतात. मगर यांना तर गुडघेच नव्हते! पायांचे काम पुष्कळदा हातांनी, खांद्यांनी आणि कमरेने करावे लागणार होते.

त्यांनी घाई केली नाही. २०१७ साली ६,४७६ मीटर उंचीचे मेरा शिखर त्यांनी सर केले. पुढे माँ ब्लाँ आणि किलिमांजारो ही शिखरेही त्यांनी गाठली. एव्हरेस्टपूर्वीच्या या जणू परीक्षाच होत्या.

मध्यंतरी एक निराळाच अडथळा आला. दोन्ही पाय नसलेल्यांनी एव्हरेस्ट चढू नये, असा नियम नेपाळ सरकारने केला. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाविरुद्ध निर्णय दिला. वाट मोकळी झाली.

१७ एप्रिल २०२३ रोजी, पाय गमावल्याला बरोबर तेरा वर्षे झाली त्याच दिवशी, त्यांनी चढाईस आरंभ केला. १९ मे रोजी ते शिखरावर उभे राहिले. गुडघ्यांवरून दोन्ही पाय गमावलेला मनुष्य तेथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

शिखरावरचे क्षण थोडे असतात. त्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षांची तयारी असते. ती तयारी मगर यांनी स्वतःसाठी तर केलीच, पण जखमी सोबत्यांसाठीही केली.