आठवड्यातले 3 दिवस

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आम्ही घरात एकच हिशेब मांडला, पैशांचा. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, तेही कायमचं. जिल्ह्याच्या सिव्हिलला ते मोफत होत होतं. मग तालुक्याच्या खासगी केंद्रात आम्ही साधी चौकशीही केली नाही. खासगी म्हणजे आपल्याला न परवडणारं, हे धरूनच चाललो. सिव्हिल 65 किलोमीटरवर होतं.

पहाटे 5 ची एस.टी., 4 तास मशीनवर, मग परतीच्या गाडीची वाट. डायलिसिसनंतर आईला उभं राहवत नसे. स्टँडच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन ती डोळे मिटून पडायची, डायलिसिसची सुई टोचायच्या फिस्टुलाचा डावा हात पदराखाली जपून. सोबत मी नाहीतर धाकटा भाऊ. दर खेपेला एकाचा कामावर खाडा. रिक्षा, चहा-नाश्ता, बुडालेली मजुरी यांतलं काहीच आम्ही हिशेबात धरलं नव्हतं.

पावसाळ्यात गाड्या चुकायला लागल्या. मग आईच म्हणायची, "आज राहू दे रे, बरं वाटतंय मला." बरं वाटत नव्हतं तिला. आमचा खाडा तिला बघवत नव्हता.

लागोपाठ 2 खेपा चुकल्या आणि रात्री तिला आडवं पडता येईना. बसून धापा टाकत होती. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. अंगातलं पाणी फुप्फुसात उतरलं होतं. रातोरात गाडी करून नेलं, 4 दिवस आयसीयूत गेले. तिथल्या, सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुमच्या तालुक्याचं केंद्र योजनेत आहे. इतक्या लांब कशाला येता?"

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत खासगी रुग्णालयंही असतात आणि डायलिसिसही बसतं, हे आम्हाला 8 महिन्यांनी कळलं.

ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू होतंय, त्यांनी पहिल्याच आठवड्यात 155388 वर फोन करून जवळचं कुठलं केंद्र योजनेत आहे ते विचारावं. लांब जावंच लागलं, तर डायलिसिसच्या पेशंटला साध्या एस.टी.त प्रवास मोफत असतो. दाखल्याचं आगारात विचारून घ्या. ऑपरेशन एकदाच होतं, त्यासाठी स्वस्त बघत लांब गेलात तरी निभावतं. आठवड्यातून 3 वेळा जायचं असेल, तर जवळ असणं हाही औषधाचाच भाग धरा. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, पण खेप चुकता कामा नये. आणि पेशंट "बरं वाटतंय" म्हणाला तर आधी वजन करा, पाय दाबून बघा. कुठे जायचं, याबद्दल आम्ही आईला तिचं मत कधी विचारलंच नाही, त्याची खंत मला अजून आहे.

आता केंद्र घरापासून रिक्षाने 20 मिनिटांवर आहे. परवा मशीनवरून उतरल्यावर ती थोडी टेकली, पाणी प्यायली, दोनच घोट, आणि म्हणाली, "चल, जाता जाता मेथी घेऊ."