सहदेवी आणि तिचे सोयरे

मंडळी, मागच्या श्रावणातली गोष्ट. सुलतानपूरच्या आमच्या वर्गात एक आजी आल्या. पदरात पाल्याची जुडी होती. म्हणाल्या, "गुरुजी, नातवाले ताप हाये. नाल्याकाठची सहदेवी आनली. काढा करून पाजतो. तुम्ही पाहा बरं एकवार."

आम्ही जुडी हातात घेतली. फुले जांभळट होती. पण ती सहदेवी नव्हती, ओसाडी होती. आम्ही म्हटले, "आजी, काढा राहू द्या. पोराला आधी दवाखान्यात न्या." आजी गेल्या. जुडी मात्र वर्गातच राहिली, आणि त्या दिवशी तोच आमचा धडा झाला.

आता तुम्ही विचाराल, गुरुजींनी ओळखले कसे? त्यासाठी आधी या झाडांचे कूळ पाहू.

सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती ही सगळी एका कुळातली. सूर्यफूल नखाने उकलून पाहा. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ती खरी तर शेकडो बारीक फुलांची जुडी असते. मधल्या प्रत्येक फुलाखाली एक बी धरते. सहदेवीचेही तसेच. तिचे फूल मुगाच्या दाण्याहून थोडे मोठे, पण त्यातही वीसेक फुले दाटीने बसलेली असतात. भोवती पाकळ्यांचे कडे नसते. नुसता जांभळा गोंडा.

हा गोंडा वाळला की खरी गंमत. त्यातून पांढऱ्या केसांचे झुबके बाहेर येतात. एकेका झुबक्याला एकेक बी. फुंकर मारली की उडाले! रुईच्या बोंडातून उडते तिला मुले म्हातारी म्हणतात ना, तशीच ही लहानशी म्हातारी. ओसाडीच्या बीला असा केसांचा झुबका नसतो. बीच्या टोकाला चार-पाच ताठ खवले असतात, बस्स. ही झाली पहिली खूण.

दुसरी खूण पानांत आहे. सहदेवीची पाने काडीवर एकाआड एक येतात, एक इकडे, एक तिकडे. ओसाडीची पाने समोरासमोर जोडीने येतात. शिवाय ओसाडीचा पाला चुरगळला की उग्र वास येतो. आजींच्या जुडीत पाने जोडीने होती.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते. ओसाडीत यकृताला अपाय करणारे विष असते. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात २००० नंतरच्या वर्षांत काही खेड्यांतली माणसे यकृताच्या दुखण्याने आजारी पडली, काही दगावली. शोध केला तेव्हा कळले की शेतातल्या ओसाडीचे बी धान्यात मिसळत होते. आणि खरी सहदेवी सापडली तरी ती जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय लहान मुलांना पाजू नये, हे आमचे मत.

सहदेवीला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा अर्थ 'राखी रंगाची पिसूमार' असा होतो. विलायतेत या कुळातल्या काही झाडांच्या धुराने पिसवा पळतात अशी समजूत होती. त्यावरून पिसूमार हे नाव पडले, आणि मग दिसायला सारख्या अशा कितीतरी झाडांना ते चिकटले. आपले कडू जिरे, जे जंतावर देतात, तेही जांभळी पिसूमार. आपल्याकडेही ही कल्पना होतीच. उग्र वासाची भामुर्डी, कोकणातली निमुर्डी, माश्या न् किडे हाकलायला वापरीत. नावावर जाऊन कोणी गोठ्यात सहदेवीचा धूर करू नये. पिसवांसाठी गोठा झाडून कोरडा ठेवावा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे.

या पिसूमारांत अमेरिकेतली एक जात फार चिवट. तिच्या शास्त्रीय नावाचा, एरिजेरॉनचा, अर्थच मुळी 'लवकर म्हातारा' असा आहे. पाहा, ग्रीक माणसालाही पांढरे केस पाहून म्हातारपणच आठवले! तिच्या एका मोठ्या झाडाला दोन लाखांपर्यंत बी येते आणि ते वाऱ्यावर दूर जाते.

सोयाबीन पेरणाऱ्यांनी तिची पुढची हकीकत नीट वाचावी. अमेरिकेत १९९६ पासून ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारे सोयाबीन पेरू लागले. फवारा मारला की तण मरे, पीक उभे. लोकांना वाटले, निंदणाची कटकट संपली. पण डेलावेअर राज्यात २००० साली काही सोयाबीनच्या शेतांत ही पिसूमार फवारा मारूनही मरेना. त्या शेतांत सुमारे तीन वर्षे तेच एक औषध मारले होते. जी थोडी झाडे औषधाला पुरून उरली, त्यांचेच बी पसरत गेले.

आपल्या शेतातही औषध आलटून पालटून मारावे, एकाच डब्यावर भिस्त ठेवू नये. डवरा आणि निंदण सोडू नये. तण उपटायचे ते गोंडा पांढरा होण्याआधी. म्हातारी उडाली की तुमच्या धुऱ्याचे बी शेजाऱ्याच्या वावरात गेलेच म्हणून समजा.

गाजर गवतही याच कुळातले. त्याच्या बीला म्हातारी नसते. ते पाण्याबरोबर, चिखलाबरोबर, बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर फिरते. आम्ही एकदा ते शाळेच्या आवारात उघड्या हातांनी उपटले. आठ दिवस हात खाजत होते. तेव्हा हातमोजे घालावेत, निदान पिशवी तरी हाताला गुंडाळावी, आणि फुलावर येण्याआधीच ते उपटावे.

आजींचा नातू बरा झाला. चार दिवसांनी आजी पुन्हा आल्या त्या दोन जुड्या घेऊन. म्हणाल्या, "आता मीच सांगतो, कोनती कोनती ते." एकही चूक झाली नाही.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने धुऱ्यावरची एक जांभळी आणि एक पिवळी फुलाची काडी आणावी. पाने एकाआड एक आहेत की जोडीने, ते पाटीवर लिहून आणावे.